वळणावर अडणारं इंजिन

मॉडेल रेल्वेत नॅरोगेज आवडायचं मुख्य कारण म्हणजे जागा. ००९ प्रकारात स्केल १:७६, रूळांतलं अंतर ९ मिमी. २३० मिमी त्रिज्येचा अख्खा गोल होस्टेलच्या टेबलावर मावतो! पण सहा चाकांचं स्टीम इंजिन त्यावर सोडलं की ते अडतं किंवा घसरतं.

का? तिन्ही अ‍ॅक्सल एका फ्रेममध्ये सरळ रेषेत, रूळ मात्र वाकलेला. मधल्या अ‍ॅक्सलला बाजूला सरकावं लागतं. किती? टोकाच्या अ‍ॅक्सलमधल्या अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. अंतर ३० मिमी असेल तर जेमतेम अर्धा मिमी, ४० केलं की जवळजवळ ०.९! म्हणून इंजिन घेताना आधी हे अंतर मोजा, रंगरूप नंतर.

खऱ्या इंजिनांनाही हीच कटकट. नेरळ-माथेरानच्या (१९०७, दोन फुटी गेज) ओरेनस्टाइन अँड कॉपेल इंजिनांत क्लीन-लिंडनर अ‍ॅक्सल होते. भरीव अ‍ॅक्सल फ्रेममध्ये सरळ फिरतो. त्याच्याभोवती पोकळ अ‍ॅक्सल, चाकं त्याच्यावर, मधोमध गोल सांधा. त्यामुळे टोकाची चाकं वळतात, रॉड मात्र सरळच. काय डोकं आहे!

९ मिमीत असला नाद नको. मधल्या अ‍ॅक्सलला आडवा प्ले द्या, नाहीतर त्या चाकांचा फ्लँज फाइलने घासून काढा. प्ले दिलात तर क्रँकपिनही तेवढी लांब ठेवा, नाहीतर रॉडच अडेल.