जाणता कोणास म्हणावें?

छंद जोपासणें ही उत्तम गोष्ट होय. परंतु छंद म्हटला कीं त्याच्या भोंवतीं जाणत्यांची गर्दी व्हावयाचीच. त्यांत खरा जाणता कोण आणि जाणतेपणाचा नुसता आव आणणारा कोण, हें ओळखावयास मात्र कोणत्याही वर्गांत शिकवीत नाहींत. टपालाचीं तिकिटें जमविण्याच्या छंदांतील एक हकीकत सांगून आम्ही या विषयाचा थोडा विचार करणार आहों.

मागील वर्षीं शाळेच्या प्रदर्शनांत आठवीच्या एका विद्यार्थ्यानें आपल्या पणजोबांचें एक पाकीट मांडलें होतें. पणजोबा पहिल्या महायुद्धांत मेसोपोटेमियाच्या आघाडीवर शिपाई होते. पाकिटावर ‘आय. ई. एफ.’ हीं अक्षरें वरून छापलेलें हिंदुस्थानचें तिकीट, त्यावर लष्करी टपाल कचेरीचा शिक्का आणि खालीं पणजोबांच्या हातचा पत्ता होता. प्रदर्शन पाहण्यास आलेले एक गृहस्थ म्हणाले, “मी तीस वर्षें तिकिटें जमवीत आहें. पाकीट काय कामाचें? तें पाण्यांत बुडव, म्हणजे तिकीट सुटून येईल.” त्यांचें बोलणें इतकें ठाम होतें कीं, आम्ही शेजारीं उभे असूनही ‘थांबा’ म्हटलें नाहीं. मुलानें घरीं जाऊन तसेंच केलें. पत्त्याची शाई पाण्यांत विरघळून गेली. शिक्का अर्धा तिकिटावर व अर्धा पाकिटावर राहिला. तसलें सुटें तिकीट थोडक्या पैशांत मिळतें; मोल होतें तें शिक्का व पत्ता यांसह अखंड पाकिटाचें. त्याहून मोठी गोष्ट ही कीं, पणजोबांचें दुसरें हस्ताक्षर त्या घरांत नव्हतें. याचा सारा बोल त्या गृहस्थांस लावून आम्हांस मोकळें होतां येत नाहीं.

तर मग परीक्षा कशी करावी? पहिली कसोटी ‘कशावरून?’ या प्रश्नाची. तिकिटाच्या कडेचे दात दोन सेंटिमीटर लांबींत किती छिद्रें येतात यावरून मोजतात. कागदांतील जलचिन्ह शोधतात. छपाई भिंगाखालीं तपासतात. खरा जाणता तुमच्या हातीं भिंग देऊन ‘तुम्हीच पाहा’ असें म्हणतो. दुसरा आपण किती वर्षें हा छंद करीत आहों तेंच पुनःपुन्हा सांगतो.

दुसरी कसोटी मर्यादेची. एका देशाच्या तिकिटांचा अभ्यास करण्यासही जन्म अपुरा पडतो. म्हणून ‘हें माझ्या अभ्यासाबाहेरचें आहे’ असें जो मोकळेपणानें म्हणतो, त्याच्या इतर बोलण्यास अधिक वजन द्यावें. तिसरी कसोटी स्वार्थाची. जी वस्तु टाकाऊ म्हणून सांगितली, तीच जर सांगणारा लगेच विकत मागूं लागला, तर सावध व्हावें.

कोणी म्हणेल, नामांकित तज्ज्ञाकडे गेलें कीं झालें. तसेंही नाहीं. फ्रान्समध्यें राहणारा झां द स्पेराती हा बनावट तिकिटें करण्यांत निष्णात होता. स्वस्त परंतु अस्सल जुन्या तिकिटांवरील नक्षी तो रसायनांनीं पुसून टाकी व त्याच कागदावर दुर्मिळ तिकिटाची नक्षी छापी. १९४२ मध्यें त्यानें परदेशीं पाठविलेलीं १८ तिकिटें जकातीच्या अधिकाऱ्यांनीं अडविलीं. तज्ज्ञांनीं तीं अस्सल ठरविलीं, आणि तीं आपणच केलीं आहेत हें पटवून देण्याची पाळी खुद्द स्पेरातीवर आली! कागद खरा होता, म्हणून पाहणारे फसले. यावरून तज्ज्ञ निरुपयोगी ठरत नाहींत. एकाच खुणेवर विसंबूं नये, एवढेंच ठरतें. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीनें १८९४ पासून तिकिटें पारखण्यासाठीं एकटा तज्ज्ञ न ठेवतां तज्ज्ञांची समिति ठेविली आहे, ती उगीच नव्हे.

तात्पर्य, ज्या सल्ल्यानें झालेली हानि पुन्हा भरून येत नाहीं, तो सल्ला एकाच तोंडून ऐकून पाळूं नये. पाकीट आणखी एक महिना कोरडें राहिलें असतें तर कोणाचेंही कांहीं बिघडलें नसतें. पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलानें वडील माणसास नम्रपणें ‘कशावरून?’ असें विचारलें तर त्यास उद्धट समजूं नये. तो प्रश्न आमच्या शिक्षकवर्गासही विचारावा. त्या दिवशीं तो कोणीतरी विचारावयास हवा होता, आणि तें काम प्रथम आमचें होतें.