भाराच्या पिकअपला कोणते टायर?

प्रश्न : पिकअपमधून कांदा नेतो, कधी मागे ट्रॉलीही जोडतो. मागचे टायर गुळगुळीत झालेत. दुकानदार कारचे स्वस्त टायर सुचवतो. घालू का?

उत्तर : मुळीच नको. ट्रॉलीच्या दांड्याचं ओझं मागच्या चाकांवरच येतं. कंपनीने दिलेल्या मापाचेच, ‘एलटी’ किंवा ‘सी’ खुणेचे टायर घ्या. बाजूला ‘१०८/१०६’ असे आकडे असतात : १०८ म्हणजे एकेरी चाकावर १,००० किलो, १०६ म्हणजे जोडचाकात प्रत्येकी ९५०. जुन्यापेक्षा हा आकडा कमी नको. टायर कधी बनलाय तेही बघा : ‘२३२५’ दिसलं, तर तो २०२५च्या २३व्या आठवड्यातला. मागची जोडी एकसारखीच घाला. हवा मात्र टायर थंड असताना, भाराच्या तक्त्याप्रमाणेच भरा.