घर विकताना दलालाची निवड
महारेराकडे नोंदणीकृत असलेल्या प्रकल्पातील सदनिकांचे व्यवहार करणाऱ्या दलालास, स्थावर संपदा अधिनियम, २०१६ अन्वये, स्वतःचीही नोंदणी करावी लागते. गावठाणातील जुन्या घराच्या विक्रीस मात्र ही अट सहसा लागू होत नाही. तेथे सावधगिरी अधिक हवी. तरीही नोंदणीकृत दलाल केव्हाही बरा; त्याचा क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. चढी किंमत सांगून भुलविणाऱ्याकडे परिसरातील अलीकडील विक्रीची सूची क्रमांक २ मागावी. दलाली किती व केव्हा, हे लेखी ठरवावे. मूळ खरेदीखत त्याच्या हाती देऊ नये, छायाप्रत पुरते. विक्रीचे कुलमुखत्यारपत्र तर मुळीच नको. त्याआधारे तो घर परस्पर विकू शकतो, आणि असा व्यवहार न्यायालयातून रद्द करवून घेणे सोपे नसते.