चाकांवरचे घर

न्यूझीलंड देशाच्या दक्षिण बेटावर पुकाकी नावाचे एक विस्तीर्ण सरोवर आहे. त्याचे पाणी निळे खरे. पण ते निळेपण आकाशाचे नव्हे. वरच्या अंगाच्या हिमनद्या पुढे सरकताना खडक भरडतात आणि त्या खडकांचे पिठासारखे सूक्ष्म कण वाहत येऊन सरोवरात तरंगत राहतात. त्यांवर ऊन पडले, की सारे सरोवर दुधात नीळ कालवल्यासारखे दिसू लागते. सरोवराच्या पलीकडे, उत्तरेस, आओराकी अथवा माउंट कुक हा ३,७२४ मीटर उंचीचा, त्या देशातील सर्वोच्च पर्वत उभा आहे.

डिसेंबर महिना चालू आहे. तिकडे तो ऐन उन्हाळ्याचा असल्यामुळे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. संध्याकाळच्या त्या लांबलेल्या उजेडात, मुक्कामाची परवानगी असलेल्या एका मोकळ्या जागेत पांढरी मोटारगाडी येऊन थांबते. बाहेरून पाहावे तर ती माल वाहून नेणारी साधी बंद गाडी. परंतु तिचे बाजूचे दार सरकते, पडदे उघडतात, आत दिवा लागतो आणि थोड्याच वेळात शेगडीवर भाताचे आधण उकळू लागते. आसपास विजेचा खांब नाही, पाण्याचा नळ नाही, दुकान नाही, की शेजार नाही. तरीही आई, वडील आणि दोन मुले असे ते चौघांचे कुटुंब रात्रीपुरते तेथे सुखाने घर मांडते.

हे घर त्यांच्या मालकीचे नाही. त्यांनी ते पंधरा दिवसांकरिता भाड्याने घेतले आहे. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाने विमानतळावर उतरावे, गाडी ताब्यात घ्यावी, देश पाहून झाला की ती परत करावी, असा हा व्यवहार न्यूझीलंडमध्ये मोठ्या प्रमाणावर चालतो. तेथे आपल्याप्रमाणेच वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे भारतातून गेलेल्या चालकाला निदान ती एक अडचण पडत नाही.

मालगाडीचे घर करताना कारागीर प्रथम तिच्या पत्र्याच्या आतून उष्णतारोधक अस्तर बसवितो. नाही तर दिवसा भट्टी आणि रात्री बर्फाची पेटी अशी तिची अवस्था व्हावयाची. मग लाकडी फळ्यांचे बाक येतात. दिवसा त्या बाकांमध्ये मेज उभे करून जेवावयाचे, रात्री तेच मेज खाली उतरवून बाकांच्या पातळीला बसवावयाचे आणि वर गाद्या अंथरावयाच्या. बाकांखाली पेट्या, पेट्यांवर कप्पे, कप्प्यांना चाप. हा चाप क्षुल्लक वाटतो, पण तो लावावयाचा राहिला तर पहिल्याच वळणावर डबे, ताटल्या आणि चहाची भांडी गाडीभर नाचू लागतात. एका खोलीत चार खोल्यांचा संसार बसविणे ही गोष्ट मुंबईच्या चाळीत राहिलेल्या माणसाला निराळी समजावून सांगावी लागत नाही.

विजेची योजना मात्र लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. अशा गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करण्यासाठी आणि दुसरी घरासाठी, म्हणजे दिवे, पाण्याचा पंप व लहान शीतकपाट यांच्यासाठी. गाडी चालू असता इंजिनाच्या शक्तीवर दोन्ही बॅटऱ्या भारित होतात. गाडी थांबली, की एक विद्युत्-कळ त्या दोघींना एकमेकींपासून तोडते. यामुळे रात्रभर दिवा जळून घरची बॅटरी रिकामी झाली, तरी सकाळी इंजिन सुरू होण्यास अडचण येत नाही. पुष्कळ गाड्यांच्या छतावर सौरपट्टही असतो. येथे भारतीय प्रवाशाची एक गंमत होते. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला दिसतो. न्यूझीलंड दक्षिण गोलार्धात असल्याने तेथे भर दुपारचा सूर्य उत्तरेस असतो. तेव्हा उत्तरेच्या बाजूस डोंगर किंवा दाट झाडी असेल अशा ठिकाणी गाडी लावून दक्षिणेकडे मोकळे आकाश ठेवणारा मनुष्य दिवसभर उन्हाची वाट पाहत बसतो.

पाण्याचा हिशेब याहून कठीण. जी गाडी स्वतःचे पाणी व सांडपाणी स्वतःच बाळगू शकते, तिला त्या देशात ‘स्वयंपूर्ण’ असे प्रमाणपत्र मिळते. त्यासाठी माणशी, रोज चार लिटर या प्रमाणात तीन दिवसांचे स्वच्छ पाणी साठविण्याची सोय लागते. चौघांचे तीन दिवसांचे पाणी ४८ लिटर झाले. घरी स्नानाच्या एका बादलीत पंधरा-वीस लिटर पाणी सहज मावते. म्हणजे पिणे, स्वयंपाक, भांडी, दात घासणे हे सारे मिळून एका माणसाच्या वाट्याला रोज पाव बादलीच्या आसपास पाणी येते. पहिल्या दिवशी हे कोणाच्या ध्यानात येत नाही. मुले नळ सोडून हात धुतात, मोठी माणसे ताटल्यांवर पाण्याची धार धरतात. दुसऱ्या दिवशी टाकीचा काटा खाली गेलेला दिसतो. मग ताटल्या आधी कागदाने पुसल्या जातात, तांदूळ धुतलेले पाणी भांड्यांना वापरले जाते आणि तोंड धुण्यास एक पेला पुरतो असा शोध लागतो. मराठवाड्यातील किंवा माणदेशातील ज्या घरांनी टँकरची वाट पाहिली आहे, त्यांना हा शोध फार पूर्वीच लागलेला आहे.

स्वच्छ पाणी जेवढे, जवळजवळ तेवढेच सांडपाणी. तेही जमिनीवर ओतावयाचे नाही. त्याकरिता गाडीखाली दुसरी टाकी असते. शौचाची पेटी वेगळी, कचऱ्याचा झाकणाचा डबा वेगळा. गावोगावी ठरवून दिलेली रिकामे करण्याची केंद्रे आहेत. तेथे नळी जोडून टाक्या मोकळ्या करावयाच्या आणि धुवावयाच्या. हे काम कोणालाच आवडत नाही. कुटुंबातील वडीलधारी मंडळी त्या वेळी एकमेकांकडे पाहू लागतात.

एवढी शिस्त कायद्याने का लावावी लागली, याला कारण आहे. फिरत्या प्रवाशांची संख्या वाढली तसे रस्त्याकडेला, नदीकाठी, समुद्रकिनाऱ्यावर कोणीही कोठेही मुक्काम करू लागला. सकाळी गाडी निघून जाई आणि झुडपांमागे घाण मागे राही. ज्या पाण्यावर गावातील मुले पोहावयास जात, तेथे नाक धरून उभे राहण्याची पाळी आली. गावकऱ्यांनी तक्रारी केल्या. सन २०११ मध्ये रग्बी या खेळाची जागतिक स्पर्धा न्यूझीलंडमध्ये भरणार होती व हजारो पाहुणे येणार होते. त्या स्पर्धेच्या तोंडावर, त्याच वर्षी, मुक्त मुक्कामाविषयीचा कायदा संमत झाला आणि कोणत्या जागी राहावयाचे, कोठे नाही, हे ठरविण्याचा व दंड करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळाला. पुढे २०२३ साली नियम आणखी कडक झाले. बाकाखाली सरकवून ठेवलेली शौचपेटी चालेनाशी झाली. स्वयंपूर्ण म्हणवून घ्यावयाचे तर गाडीत पक्के बसविलेले शौचकूप हवे, असे ठरले. भाडे थोडे वाचावे म्हणून प्रमाणपत्र नसलेली गाडी घेणाऱ्याला ही बाब महागात पडते.

चाकांवरच्या घराची कल्पना मोटारीच्या आधीची आहे. युरोपात रोमा नावाची भटकी जमात घोड्यांनी ओढलेल्या, नक्षीदार लाकडी घरांतून हिंडत असे. या जमातीचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले. त्यांची भाषा आजही त्याची साक्ष देते. रोमा माणूस पाण्याला ‘पानी’ म्हणतो, नाकाला ‘नाक’ आणि कानाला ‘कान’! अशा घरांवरून स्फूर्ती घेऊन विल्यम गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश गृहस्थाने केवळ हौसेच्या प्रवासासाठी एक घर-गाडी बांधवून घेतली. स्टेबल्स हा आरमारातील निवृत्त वैद्य असून मुलांसाठी साहसकथा लिहीत असे. सन १८८५ मध्ये त्याने इंग्लंडमधील ट्वायफर्ड गावापासून उत्तरेस स्कॉटलंडमधील इन्व्हरनेसपर्यंत, सुमारे १,३०० मैलांचा प्रवास केला. गाडीचे नाव ‘वाँडरर’, म्हणजे भटक्या. तिला दोन घोडे ओढीत. रस्ते अरुंद आणि गाडी अवजड. म्हणून त्याचा एक सेवक तीनचाकी सायकलवर पुढे जाऊन वाट मोकळी करी.

पुढे मोटारी आल्या. जर्मनीत १९५० साली फोक्सवॅगन कंपनीची खोक्याच्या आकाराची गाडी बाजारात आली आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या कारखान्याने तिच्यात हवे तेव्हा बसविता व काढता येईल असे फर्निचर तयार केले. आठवडाभर त्या गाडीतून माल वाहावा आणि सुटीच्या दिवशी तिच्यात मुलेबाळे घेऊन निघावे! आपल्या खेड्यांतून जत्रेला जाणारी बैलगाडी तरी दुसरे काय करीत असे? एरवी शेणखत आणि कडबा वाहणाऱ्या गाडीवर ताडपत्रीचा आडोसा होई, आखाखाली कंदील टांगला जाई आणि तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजल्या जात. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली अशा फिरत्या घरांच्या पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे.

पुकाकीच्या काठी मुक्काम केलेले कुटुंब दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडे निघते. त्या बेटावर कित्येक पूल एकेरी आहेत; एका वेळी एकाच दिशेची वाहने त्यांवरून जाऊ शकतात. पुलाआधी फलकावर दोन बाण असतात, एक मोठा व एक लहान तांबडा. आपल्या दिशेचा बाण तांबडा असेल तर थांबावयाचे. ते अनाऊ गावापासून मिलफर्ड साउंडकडे जाणारा रस्ता सुमारे ११८ किलोमीटरांचा असून वाटेत वस्ती जवळजवळ नाही आणि दूरध्वनीचा संदेश बराच वेळ पोहोचत नाही. म्हणून निघण्यापूर्वी इंधन भरून घेतात आणि आपण कोठे जात आहोत, केव्हा परत येऊ, हे कोणाला तरी सांगून ठेवतात. डोंगरात पायी जाणारे लोक उपग्रहामार्फत संकटाचा इशारा देणारे हातात मावेल असे एक यंत्रही जवळ बाळगतात.

मिलफर्ड साउंड येथे वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आंबोली किंवा महाबळेश्वरचा पावसाळा पाहिलेल्यांना त्याचे फारसे भय वाटू नये. पण तिकडे पाऊस कोणत्याही ऋतूत येतो आणि गारठाही त्याच्याबरोबर येतो. अशा रात्री एक मोठा मोह होतो. शेगडी पेटलेली ठेवावी, खिडक्या घट्ट लावाव्या आणि ऊब घेत झोपावे! बंद जागेत ज्योत जळत राहिली, की प्राणवायू कमी पडू लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो जागा करीत नाही. या कारणाने माणसे दगावलेली आहेत. म्हणून झोपण्यापूर्वी शेगडी विझवून नळकांड्याची तोटी बंद करावयाची, छताजवळची झडप थोडी उघडी ठेवावयाची आणि थंडी वाजली तर आणखी एक पांघरूण घ्यावयाचे. नळकांड्याच्या कपाटाला तळाशी भोके का असतात, असे या कुटुंबातील धाकट्या मुलाने गाडी घेतानाच विचारले होते. तो वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो खाली साचतो आणि त्या भोकांवाटे बाहेर पडतो.

मिलफर्डच्या वाटेवर होमर नावाचा, १९५४ साली वाहतुकीस खुला झालेला बोगदा लागतो. तेथे गाड्या थांबल्या, की केआ पक्षी जमतात. हा थंड पहाडांत राहणारा पोपट हिरव्या रंगाचा, पंखाखाली नारिंगी आणि विलक्षण जिज्ञासू असतो. तो छतावर उतरतो, चोचीने खिडकीची रबरी पट्टी उचकटतो आणि ती ओढीत बसतो. त्याची करामत पाहून प्रवासी हसतात व त्याला पावाचा तुकडा टाकतात. पण माणसांचे अन्न त्याला अपायकारक असते आणि खाणे मिळेल या आशेने तो रस्त्यावर येऊन गाडीखाली सापडतो. केआंची संख्या आता थोडी उरली आहे. रबराची पट्टी गेली तर मात्र भरपाई भाड्याने घेणाऱ्याला द्यावी लागते!

केआपेक्षाही चिवट आहे ती तेथील चावरी माशी. माओरी लोक तिला नामू म्हणतात आणि तिची एक कथा सांगतात. तू-ते-राकी-फानोआ या देवाने आपल्या कुऱ्हाडीने कडे तासून तो समुद्रकाठचा प्रदेश घडविला. तो इतका सुंदर झाला, की मृत्यूची देवी हिने-नुई-ते-पो हिला चिंता पडली. माणसे येथे आली तर येथून हलणारच नाहीत! तेव्हा तिने या माशा सोडून दिल्या. कथेतील युक्ती सफल झालेली दिसते. फार वेळ दार उघडे ठेवून कड्यांची शोभा पाहत बसणे तेथे कोणालाच जमत नाही.

पंधराव्या दिवशी कुटुंब शहरात परतते. टाक्या रिकाम्या करून धुतल्या जातात, गाद्या झटकल्या जातात, बाकाखाली हरवलेला एक मोजा सापडतो. आवारातील कर्मचारी गाडीभोवती फिरून ओरखडे पाहतो, किलोमीटरांचा आकडा टिपतो आणि खिडकीच्या पट्टीवर बोट फिरवून चोचीच्या खुणा मोजतो. धाकटा मुलगा सवयीने पुढे होऊन पाण्याचा काटा पाहतो. तो शून्यावर असतो. कर्मचारी नळी आणून टाकी पुन्हा भरू लागतो, कारण दुपारी दुसरे कोणी ती गाडी न्यावयास येणार असते.