तिगरा धरणाचा धडा : अभियांत्रिकी संशोधनाची शिस्त आणि सचोटी

शास्त्रीय संशोधन म्हटले म्हणजे प्रयोगशाळा, काचेची उपकरणे आणि जाडजूड ग्रंथ असे चित्र सामान्यतः आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. अभियांत्रिकी संशोधनाचे क्षेत्र याहून निराळे आहे. अभियंत्याचे अनुमान कागदावर राहत नाही. ते दगड, चुना, सिमेंट आणि पोलाद यांच्या रूपाने उभे राहते आणि त्याच्या आश्रयाने माणसे राहू लागतात. अनुमान चुकले तर त्याची किंमत अभियंत्याला द्यावी लागत नाही, ती नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांना द्यावी लागते. म्हणूनच या क्षेत्रात संशोधनाची पद्धत आणि संशोधकाची नीती या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. हे सूत्र समजून घेण्यासाठी ग्वाल्हेरजवळच्या तिगरा धरणाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

तिगरा येथे काय घडले

ग्वाल्हेर शहरापासून सुमारे २३ किलोमीटर अंतरावर सांक नदीवर तिगरा धरण आहे. शिंदे संस्थानात महाराज माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी ते बांधण्यात आले आणि १९१६ साली पूर्ण झाले. चुन्यात बांधलेली ही दगडी भिंत सुमारे २४ मीटर उंच आणि १,३४१ मीटर लांब होती. तिच्या सांडव्यावर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी योजलेले स्वयंचलित दरवाजे होते. हे दरवाजे त्यांनी १९०३ साली पुण्याजवळ खडकवासला येथे प्रथम बसविले होते. पाण्याची पातळी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की ते आपोआप उघडत आणि पातळी उतरली की मिटत.

धरण पुरे होऊन जेमतेम एक वर्ष लोटले होते. ऑगस्ट १९१७ मध्ये जोराचा पूर आला. सुमारे ४०० मीटर लांबीच्या भागावरून पाण्याचा ०.८५ मीटर जाडीचा थर वाहू लागला. भिंतीचे दोन मोठे भाग अखंड स्थितीत पुढे ढकलले गेले आणि साठलेले पाणी खालच्या वस्त्यांवर कोसळले. मोठी प्राणहानी झाली. पुढे १९२९ साली धरणाची पुनर्बांधणी झाली आणि आजही ग्वाल्हेर शहर पिण्याच्या पाण्यासाठी तिगरा जलाशयावर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे.

येथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. भिंत फुटली नाही, तिचे दगड निखळले नाहीत, ती घसरली. म्हणजे दोष भिंतीच्या अंगात नसून तिच्या पायाखाली होता. पाया वालुकाश्माचा, म्हणजे थरांनी बनलेल्या वाळूच्या दगडाचा होता आणि त्यात पाणी मुरले होते.

थोडे गणित

पायाखाली मुरलेले पाणी काय करते, हे एका उदाहरणाने समजेल. पुढील आकडे तिगरा धरणाचे नसून केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. २४ मीटर उंच, पायाशी १६ मीटर रुंद आणि त्रिकोणी छेदाची एक दगडी भिंत कल्पावी. तिच्या एक मीटर लांबीच्या तुकड्यात १९२ घनमीटर बांधकाम येते. एका घनमीटरचे वजन २.४ टन धरले तर हा तुकडा सुमारे ४६० टन भरतो. काठोकाठ भरलेल्या पाण्याचा या तुकड्यावरील आडवा रेटा २८८ टन होतो. रेटा वजनाच्या सुमारे ०.६३ पट झाला. पायाचा खडक चांगला खडबडीत असेल तर एवढा रेटा भिंत सोसू शकते.

आता पायाच्या भेगांतून पाणी शिरले असे समजू. पाण्याच्या बाजूला त्याचा दाब दर चौरस मीटरला २४ टन असेल आणि पलीकडच्या बाजूला तो शून्यावर येत असेल, तर सरासरी दाब १२ टन पडतो. १६ मीटर रुंदीवर हा दाब भिंतीला १९२ टनांनी वर उचलू पाहतो. भिंतीचे उपयोगी वजन उरते सुमारे २६९ टन. आडवा रेटा मात्र २८८ टनच आहे. तो आता उरलेल्या वजनाहूनही अधिक ठरतो. भिंत तीच, पाणी तेच. पण ती आता जागेवर टिकत नाही.

याउलट, भिंतीवरून ०.८५ मीटर पाणी वाहिल्याने आडवा रेटा वाढतो तो सुमारे २० टनांनी, म्हणजे शेकडा सातच. पूर हे निमित्त असते; खरे कारण बहुधा न दिसणाऱ्या जागी दडलेले असते. दिसणाऱ्या कारणावर समाधान न मानणे, ही संशोधनाची पहिली शिस्त होय.

एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चालत नाही

खडकवासला येथे जे सिद्ध झाले ते दरवाजांविषयी होते. पुण्याच्या परिसरातील काळा कठीण फत्तर आणि ग्वाल्हेरचा थरांचा वाळूचा दगड यांच्या स्वभावात मोठे अंतर आहे. दरवाजे उत्तम चालले म्हणून पाया उत्तम आहे, असे कोणी म्हणणार नाही. पण एका ठिकाणी नाव मिळविलेली योजना दुसऱ्या ठिकाणी नेताना असा गोंधळ नकळत होऊ शकतो. म्हणून संशोधकाने प्रत्येक निष्कर्षाबरोबर त्याची मर्यादाही लिहून ठेवावी लागते. अमुक चाचणी कोणत्या जागी, कोणत्या परिस्थितीत घेतली आणि तिने काय सिद्ध होत नाही, हे सांगणे अहवालाचा आवश्यक भाग असते.

तिगरा धरण पुरे झाले त्याच १९१६ साली मुंबई इलाख्यात एक विशेष पाटबंधारे विभाग स्थापन झाला. खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था त्यातूनच विकसित झाली. धरणांच्या व बंदरांच्या लहान प्रतिकृती करून पाण्याचे वर्तन तेथे अभ्यासले जाते. अशी प्रतिकृती सांडव्यावरून पाणी कसे वाहील हे सांगू शकते. तेवढ्यावरून पायाखालच्या खडकात काय दडले आहे ते कळत नाही. त्यासाठी जागेवर भोके पाडून नमुने काढणे, त्यांत दाबाने पाणी सोडून ते किती मुरते ते मोजणे, हाच मार्ग आहे.

अपघात वाचणे हेही कर्तव्य

तिगरा धरणाआधी अशा घटना घडल्या नव्हत्या असे नाही. फ्रान्समधील बूझे येथील धरण भेगाळलेल्या वालुकाश्मावर उभे होते. १८८४ साली त्याचा काही भाग फूटभर पुढे सरकला. डागडुजी झाली, परंतु एप्रिल १८९५ मध्ये ते कोसळले आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर भिंतीत व पायात शिरणाऱ्या पाण्याच्या दाबाची चर्चा युरोपात जोराने सुरू झाली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील ऑस्टिन येथे एका कागद कारखान्याचे धरणही वालुकाश्म व शेल यांच्या थरांवर बांधलेले होते. जानेवारी १९१० मध्ये ते सुमारे दीड फूट सरकले. सुचविलेली दुरुस्ती पुरतेपणी झाली नाही. ३० सप्टेंबर १९११ रोजी धरण फुटले आणि ७८ जणांचा बळी गेला.

तीन देश, तीन धरणे आणि पाया एकाच जातीच्या खडकाचा! त्या काळी अनेक ठिकाणी वर उचलणारा हा दाब आकडेमोडीत धरलाच जात नसे. आज दगडी व काँक्रीटच्या धरणांसाठी असलेल्या भारतीय मानकात तो धरणे आवश्यक आहे. परंतु ज्ञान एका ठिकाणी उपलब्ध असणे आणि ते गरजेच्या ठिकाणी पोहोचणे यांत अंतर असते. हे अंतर कमी करायचे तर अपयशाची हकिगत दडवून चालत नाही. यशाचे वृत्त सर्वत्र छापले जाते. अपयशाचे प्रामाणिक वृत्त छापणारा अभियंता अनोळखी माणसांचे प्राण वाचवतो.

शंकेची नोंद आणि त्रयस्थाची तपासणी

महाराष्ट्राला या विषयाची सर्वांत कटू आठवण १२ जुलै १९६१ ची आहे. त्या दिवशी पानशेतचे अपुरे मातीचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याची जुनी भिंतही कोसळली आणि पुणे शहरात हाहाकार झाला. पानशेतच्या मातीच्या भरावातून जाणाऱ्या पाणी सोडण्याच्या मोरीत पोलादाच्या सळ्या घातलेल्या काँक्रीटऐवजी साध्या काँक्रीटचे ठोकळे वापरले गेले होते. दरवाजांचे काम अपुरे असतानाच पावसाळ्याचे पाणी अडविले गेले. भराव खचू लागल्यावर जवानांनी वाळूच्या गोण्या रचून काही तास मिळवून दिले, हे विसरता येणार नाही. येथे शास्त्र अज्ञात नव्हते. अडचणीपोटी केलेल्या बदलाचा परिणाम तपासला गेला नाही. आराखड्यातील प्रत्येक बदल हा नवा प्रयोग असतो आणि त्याची नवी चाचणी व्हावी लागते.

दुसरे तत्त्व अमेरिकेतील सेंट फ्रान्सिस धरणाने शिकविले. मार्च १९२८ मध्ये ते फुटले आणि चारशेहून अधिक लोक मरण पावले. त्याच दिवशी सकाळी मुख्य अभियंत्याने स्वतः गळती पाहून ती धोक्याची नसल्याचे सांगितले होते. चौकशी करणाऱ्या पंचांचा अभिप्राय असा पडला की, अशा मोठ्या कामाचा निर्णय एका माणसावर, मग तो कितीही नामांकित असो, सोपवू नये. थोर माणसाचा मान राखणे हे सौजन्य आहे. त्याचे गणित पुन्हा तपासणे हे कर्तव्य आहे. कनिष्ठ अभियंत्याने शंका लेखी मांडावी आणि वरिष्ठाने तिला लेखीच उत्तर द्यावे, ही प्रथा दोघांचेही रक्षण करते.

गावकऱ्याचे निरीक्षण

रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले. धरणाला गळती असल्याच्या तक्रारी गावकऱ्यांनी त्यापूर्वी केल्या होत्या. धरणाच्या पायथ्याशी रोज गुरे नेणारा माणूस जे पाहतो ते वर्षातून दोनदा येणाऱ्या अधिकाऱ्याला दिसेलच असे नाही. गळणारे पाणी काल निवळ होते आणि आज गढूळ आहे, एवढी एक नोंदही मोलाची असते. कारण गढूळ पाणी म्हणजे आतली माती वाहून जात आहे.

केंद्र शासनाच्या धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ अन्वये मोठ्या धरणांची पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी, त्रयस्थ तज्ज्ञांकडून सर्वंकष मूल्यमापन आणि आणीबाणीचा कृती आराखडा यांची तरतूद झाली आहे. ग्रामस्थांनी आपली तक्रार तारीख, वेळ व जागा नमूद करून लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. अधिकाऱ्यांनी ती तक्रार म्हणून न पाहता निरीक्षण म्हणून नोंदवहीत घ्यावी.

शिक्षकांसाठी एक प्रयोग

वरील गणित वर्गात दाखविणे अवघड नाही. एक वीट, एक ताणकाटा, दोरी, लाकडी फळी आणि पाण्याची पसरट टाकी एवढे साहित्य पुरे. वीट आधी भिजवून घ्यावी. फळी ओली करून वीट तीवरून ओढावी आणि ती हलताना काट्यावर किती वजन दिसते ते लिहावे. नंतर फळी टाकीच्या तळाशी पक्की बसवून, वीट पूर्ण बुडेल इतके पाणी भरून तसेच करावे. पाण्याने वीट हलकी झाल्याने ती कमी ओढीने सरकते, हे मुलांच्या लक्षात येईल.

प्रत्येक प्रकार पाच वेळा करावा आणि पाचही आकडे फळ्यावर लिहावेत. त्यांत एखादा आकडा इतरांशी जुळणार नाही. तो पुसून टाकण्याचा मोह मुलांना होईल. तेथेच शिक्षकाने थांबावे. तो आकडा तसाच ठेवून, तो का आला याचा शोध मुलांना घेऊ द्यावा. कदाचित दोरी तिरपी धरली गेली असेल, कदाचित फळीचा तो भाग गुळगुळीत असेल. गैरसोयीचा आकडा न पुसण्याची सवय ज्या मुलाला शाळेत लागली, तोच उद्या धरणाच्या पायाविषयीचा गैरसोयीचा अहवालही दडवणार नाही.