माणसाचे मोल आणि धम्म

संस्थेच्या रविवारच्या अभ्यासवर्गात महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलाने मध्यंतरी प्रश्न विचारला. "गुरुजी, मी ईश्वर मानत नाही, आत्माही मानत नाही. कॉलेजच्या अर्जावर धर्माचा रकाना आला की पेन थांबते. धर्म लिहिलाच नाही, तर माझी किंमत कमी होते का?" वर्गात क्षणभर शांतता पसरली. हा प्रश्न एकट्या त्याचा नाही. म्हणून सर्वांनीच त्यावर विचार केला पाहिजे.

धर्माने दिलेले मोल

आपल्या वाडवडिलांना धर्माने ओळख दिली नव्हती असे नाही. कोणी कोठे राहायचे, कोणाच्या सावलीपासून दूर व्हायचे, हे सर्व ठरवून दिले होते. मात्र जे मोल धर्म देतो, ते धर्मच काढूनही घेऊ शकतो. महाडचे उदाहरण पाहा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले. तरीही पाण्याला कोणी हात लावू शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह ते पाणी प्राशन केले, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला आणि पुढे तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. तळ्यावरचा हक्क उच्च न्यायालयाने मान्य करण्यास १९३७ साल उजाडले. पाणी तहान भागवण्यापुरते होते. भांडण माणूस म्हणून मोजले जाण्याचे होते.

भगवान बुद्धांचे उत्तर

मज्झिम निकायात अस्सलायन नावाच्या सोळा वर्षांच्या ब्राह्मण तरुणाची कथा आहे. जन्माने ब्राह्मणच श्रेष्ठ, हा दावा घेऊन तो बुद्धांशी वाद करण्यास आला. बुद्धांनी त्याला प्रश्न विचारले. योन आणि कंबोज देशांत मालक आणि दास असे दोनच वर्ग आहेत, आणि मालकाचा दास व दासाचा मालक होऊ शकतो, हे त्याने ऐकले आहे काय? उत्तम लाकडावर पेटवलेला अग्नी आणि हलक्या लाकडावर पेटवलेला अग्नी यांच्या उजेडात काही फरक असतो काय? अस्सलायन निरुत्तर झाला. संघातही हेच आचरणात आले. शाक्य राजपुत्रांनी आपला अभिमान गळावा म्हणून उपाली न्हाव्याला आपल्याआधी प्रव्रज्या देण्याची विनंती केली आणि नंतर त्याला वंदन केले.

येथे एक शंका येते. बुद्धांनी आत्माच नाकारला, तर आत्मसन्मान कोणाचा? अनात्मवादाचा अर्थ नीट समजून घ्या. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या पाच स्कंधांत नित्य असे काही नाही. जेथे नित्य काही नाही, तेथे कोणी कायमचा नीचही असू शकत नाही. माणूस आपल्या कर्माने घडतो आणि बदलूही शकतो. हा केवढा मोठा दिलासा आहे!

मग धर्म हवाच कशाला?

प्रामाणिकपणे सांगायचे तर धर्माशिवायही माणसे ताठ मानेने जगली आहेत. पेरियार रामस्वामी यांनी १९२५ साली स्वाभिमान चळवळ सुरू केली. ते निरीश्वरवादी होते. पुरोहिताविना लागणाऱ्या स्वाभिमान विवाहांना मद्रास राज्याच्या १९६७ च्या कायद्याने मान्यता मिळाली. आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत व्यक्तीच्या प्रतिष्ठेचा उल्लेख आहे. तिला कोणत्याही धर्माची अट नाही.

असे असताना १९३५ साली येवल्याला घोषणा करून, २१ वर्षे विचार करून, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा का घेतली? महाडमध्येच त्याचे उत्तर आहे. ठराव झाला होता, परंतु मने बदलली नव्हती. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी धर्म आणि धम्म यांतला भेद स्पष्ट केला आहे. एकट्या माणसाला धम्माची गरज नाही. दोन माणसे एकत्र आली की ती लागते. धम्मात ईश्वराची जागा नीतीने घेतली आहे. माणसाचे मोल धम्म निर्माण करीत नाही. ते मोल एकाने दुसऱ्याचे राखावे, याची शिस्त धम्म लावतो.

स्वतःकडे पाहू या

'आम्ही बौद्ध, म्हणून आम्ही श्रेष्ठ' असे म्हणू लागलो तर जन्माचा अहंकार मागच्या दाराने घरात येईल. मुलीचे लग्न ठरवताना आपण पोटजात विचारतो की नाही? दीक्षा न घेतलेल्या शेजाऱ्याला कमी लेखतो की नाही? या प्रश्नांची उत्तरे ज्याने त्याने आपल्या मनाला द्यावीत.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले, "बाळ, रकाना रिकामा राहिला तरी तुझी किंमत तसूभरही कमी होत नाही. 'बौद्ध' लिहिलेस, तर मात्र तुझ्यावर एक जबाबदारी येते. समोरच्याचीही किंमत तितकीच मानण्याची."

अभ्यासासाठी प्रश्न

१. महाडला ठराव असूनही पाणी का मिळाले नाही?
२. अनात्मवाद आणि समता यांचा संबंध स्पष्ट करा.
३. धर्म आणि धम्म यांतील फरक आपल्या घरातील एका उदाहरणाने सांगा.