कपॅसिटर बँकेतील भूदोष

पंचगंगा, भोगावती, दूधगंगा या नद्यांच्या काठचे कृषिपंप एकाच वेळी उसाला पाणी देऊ लागले, की वीजवाहिनीच्या टोकाला दाब घसरतो. मोटारीतील चुंबकीय क्षेत्र टिकविण्यासाठी जी प्रतिघाती वीज लागते, ती जवळूनच पुरविण्याकरिता उपकेंद्रात कपॅसिटरची बँक बसविण्यात येते.

जमिनीशी जोडले की धोका टळला, असा आपला समज आहे व घरगुती उपकरणांपुरता तो योग्यही आहे. तथापि, बँकेच्या तीन फेजा जेथे एकत्र येतात तो न्यूट्रल बिंदू 11 केव्ही वाहिनीवर बहुधा मुद्दामच जमिनीशी जोडला जात नाही. जोडल्यास वाहिनीची तार कोठेही जमिनीस टेकताच बँकेतूनही त्या दोषाकडे प्रवाह धावतो आणि दोष नसलेल्याच वाहिनीचा पुरवठा तुटण्याचा संभव असतो.

या सोयीची किंमत मात्र मोजावी लागते. एका फेजचे कपॅसिटर आतून पूर्ण शॉर्ट झाले आणि फ्यूज उडाला नाही, तर त्या फेजचा प्रवाह नेहमीच्या केवळ तिप्पट होतो. जमिनीत तर तो जातच नाही. साहजिकच भूदोष रिलेला याचा पत्ता लागत नाही. दरम्यान न्यूट्रल सुमारे 6,350 व्होल्टवर चढतो आणि उरलेल्या दोन फेजांच्या धडधाकट कपॅसिटरांवर 6,350 ऐवजी 11,000 व्होल्टचा ताण येतो. डबे फुगतात, प्रसंगी फुटून पेट घेतात. यास्तव बँक दोन समान भागांत विभागून त्यांच्या न्यूट्रलांना जोडणाऱ्या तारेवर करंट ट्रान्सफॉर्मर बसवितात. समतोल असेतोवर तेथे प्रवाह नसतो. तो बिघडताच प्रवाह वाहू लागतो व रिले बँक बंद करतो.

बंद केलेली बँकही लगेच निर्धोक होत नाही. साठलेला भार रोधकांतून ओसरू देण्यास काही मिनिटे थांबून, मगच अर्थिंगचा दांडा लावावा लागतो.

2019 व 2021 च्या महापुरांत नदीकाठचे पंप पाण्याखाली गेले होते. अशा पंपांच्या स्टार्टरजवळील लहान कपॅसिटर वरून कोरडा दिसला तरी मोटार, केबल व कपॅसिटर यांचा इन्सुलेशन रोध मेगरने तपासल्याखेरीज पंप सुरू करू नये, हे पंचायत सदस्यांनी पूर ओसरताच गावात दवंडी देऊन सांगावे. उपकेंद्राच्या कुंपणावर चढलेला वेल किंवा तेल गळणारा डबा दिसल्यास स्वतः हात न लावता शाखा अभियंत्यास कळवावे.